उमेदवाराचा प्राधान्यक्रम कसा पारखावा?

निवडणूक जवळ आली की आपल्या गावोगावचे नाके, रिक्षाथांबे व स्थानकाबाहेरच्या भिंती उमेदवारांच्या छायाचित्रांनी भरून जातात. घरोघरी पत्रके येतात. कोणत्याही पक्षाचे पत्रक हाती घ्या, मजकूर बहुधा सारखाच असतो: चोवीस तास पाणी, खड्डेमुक्त रस्ते, लोकलच्या जादा फेऱ्या, सुसज्ज रुग्णालय, तरुणांना रोजगार, हरित पट्ट्याचे रक्षण. सारी आश्वासने एकाखाली एक अशी मांडलेली असतात, जणू ती सर्व एकाच माणसाच्या हाती आहेत. आपण पत्रक वाचतो, मान डोलावतो आणि बाजूला ठेवतो. पाच वर्षांनी त्याच मजकुराचे नवे पत्रक येते.

विधानसभेचा उमेदवार आपले प्राधान्यक्रम सांगतो तेव्हा ते ऐकावे कसे व पारखावे कसे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा आमचा हेतू नाही आणि तो आमचा अधिकारही नाही. शासकीय सत्तेचे पद धर्मगुरूंनी स्वीकारू नये असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. दुसरीकडे, धर्माच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो. उमेदवाराचा धर्म असो वा मतदाराचा, दोहोंच्या नावे केलेले आवाहन त्यात मोडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जानेवारी २०१७ मध्ये बहुमताने स्पष्ट केले. तेव्हा 'आपला माणूस' या एका शब्दावर निर्णय सोपवण्याची सोय आपल्याला नाही. प्रश्न विचारावेच लागतात. आमच्या मते असे चार प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न: हे काम तुमच्या हातात आहे काय?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी केलेली आहे. संरक्षण, रेल्वे, टपाल हे विषय केंद्राकडे आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन व स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्याकडे आहेत. शिक्षण व वने हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, म्हणजे त्यांवर केंद्र व राज्य दोघेही कायदे करू शकतात. गटार, दिवाबत्ती, कचरा व गल्लीतील रस्ता ही कामे महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांची आहेत.

ही वाटणी लक्षात ठेवून पत्रक पुन्हा वाचले म्हणजे ते निराळे दिसू लागते. विरार लोकलच्या गर्दीत रोज उभे राहून मुंबई गाठणाऱ्या माणसाला जादा फेऱ्यांचे आश्वासन जिव्हाळ्याचे वाटते. परंतु रेल्वे हा संसदेचा विषय आहे. आमदार त्यासाठी निवेदन देऊ शकेल, राज्य शासनामार्फत पाठपुरावा करू शकेल, पण निर्णय त्याचा नाही. उलट एसटीच्या तिकिटाचा निर्णय राज्याचा असतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या प्रवासात निम्म्या भाड्याची सवलत मिळाली, ती राज्याच्या अर्थसंकल्पातील घोषणेतून.

आपल्या भागात हा गोंधळ वाढण्यास आणखी एक कारण घडले. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे निवडणूकच न झाल्याने कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवक नसल्याने गटारापासून नळापर्यंतची प्रत्येक तक्रार आमदाराच्या दारी जाऊ लागली. आमदाराचे मूल्यमापनही त्याने किती गल्ल्यांत फरसबंदी केली यावरून होऊ लागले. लोकांची अडचण खरी होती, यात शंका नाही. मात्र त्यामुळे विधानसभेत जाऊन करावयाचे काम कोणते, हा प्रश्न मागे पडला.

गावांच्या प्रश्नाने दिलेला धडा

या प्रश्नाचे मोल आपल्या तालुक्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली. पश्चिम पट्ट्यातील गावांनी या समावेशाला कडाडून विरोध केला. ग्रामपंचायत जाईल, कर वाढतील, भाजी, केळी, फुले व पानवेलीच्या वाड्या इमारतींखाली जातील, ही भीती त्यामागे होती. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हा प्रश्न अग्रस्थानी होता आणि आंदोलनाचे नेतृत्व करणारे विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले.

येथे उमेदवाराचा प्राधान्यक्रम स्पष्ट होता आणि तो राज्याच्या अखत्यारीतलाही होता. महापालिकेची हद्द ठरवणे हा १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने राज्य शासनाला दिलेला अधिकार आहे. त्यामुळे मागणी योग्य दारी गेली होती, आणि २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतलाही. परंतु महापालिका न्यायालयात गेली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. २०२४ उजाडले तरी अधिसूचना, हरकती व याचिका यांचे चक्र थांबले नव्हते.

यातून निराशेचा धडा घ्यावा असे आम्हांला वाटत नाही. मतपेटीतून प्रश्न मंत्रालयापर्यंत पोहोचतो, हे या लढ्याने दाखवून दिले. त्याचबरोबर, शासनाचा निर्णय मिळाला म्हणजे काम संपले असे नाही, हेही दाखवून दिले. तो निर्णय कायद्याच्या कसोटीवर टिकेल असा घडवून घेणे, त्याची प्रक्रिया पूर्ण झाली आहे की नाही हे पाहणे, न्यायालयात शासन काय बाजू मांडते यावर लक्ष ठेवणे, हे सारे त्या कामाचाच भाग असते. म्हणून 'मी हे करीन' एवढ्यावर समाधान न मानता 'कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मार्गाने कराल?' असे विचारावयास हवे.

हरित पट्ट्याचेही तसेच आहे. १९९० मध्ये सिडकोची या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी उभारलेली चळवळ आपल्यापैकी ज्येष्ठांच्या डोळ्यांसमोर घडली आहे. जमिनीचा वापर कशासाठी व्हावा हे विकास आराखडा ठरवतो. तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली तयार होतो. त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. 'हरित वसई वाचवू' असे म्हणणाऱ्या उमेदवाराने हा अधिनियम वाचला आहे काय, चटई क्षेत्र निर्देशांक वाढवण्याविषयी त्याचे मत काय आहे, आणि हरकतींच्या काळात तो कोठे होता, हे विचारल्यास उत्तर चटकन कळते.

सभागृहातील साधने

आमदार सभागृहात नेमके काय करू शकतो, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. महाराष्ट्र विधानसभेचे २८८ सदस्य आहेत. वर्षातून साधारणपणे तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी व पावसाळी मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. या काळात सदस्य तारांकित प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. तातडीच्या सार्वजनिक बाबीवर लक्षवेधी सूचना मांडता येते. अर्धा तास चर्चा उपस्थित करता येते. एखाद्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते. स्वतःचे अशासकीय विधेयकही मांडता येते. ते संमत होण्याचा योग क्वचितच येतो, पण विषय त्यामुळे नोंदीवर येतो.

मावळता आमदार पुन्हा उमेदवार असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. पाच वर्षांत किती प्रश्न विचारले, कोणत्या विषयांवर बोलले, हे कामकाजाच्या नोंदींत असते. नवा उमेदवार असेल तर पहिल्या अधिवेशनात तो कोणता प्रश्न मांडणार, हे विचारावे. ज्याला एकही प्रश्न सांगता येत नाही, त्याचा प्राधान्यक्रम केवळ पत्रकापुरता असण्याचा संभव अधिक.

सर्व धोरणे कायद्याच्या रूपाने सभागृहात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा आहे, तिला दुर्बल घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवण्याच्या बंधनातून सूट मिळणार होती. पालकांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्दबातल ठरवली. गरीब मुलाच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न येथे एका अधिसूचनेने बदलला होता. अशा अधिसूचनांवर डोळा ठेवणारा प्रतिनिधी असणे किती आवश्यक आहे, ते यावरून दिसते.

दुसरा प्रश्न: पैसा कोठून येईल?

प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास कार्यक्रमासाठी वर्षाला निधी मिळतो. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो चार कोटींवरून पाच कोटी रुपये करण्यात आला. समाजमंदिर, पायवाट, वाचनालय अशी कामे त्यातून होतात. पण पत्रकातील मोठी आश्वासने या निधीतून पुरी होण्यासारखी नसतात, त्यांना राज्याच्या अर्थसंकल्पातच तरतूद लागते.

२०२४ च्या निवडणुकीत 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची चर्चा घरोघरी झाली. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना त्याच वर्षी सुरू झाली होती. निवडणुकीत महायुतीने ती रक्कम २,१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. आरंभीच योजनेचा वार्षिक खर्च सुमारे ४६,००० कोटी रुपये सांगण्यात आला होता. कष्टकरी बहिणीच्या हाती थेट पैसे पडतात याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्या घरात औषधाला पैसे नसतात, तेथे १,५०० रुपयांची किंमत कळते. तरीही रक्कम वाढवू म्हणणाऱ्या प्रत्येकाला 'कोणता खर्च कमी कराल, की कोणता कर वाढवाल?' असे विचारणे हा मतदाराचा हक्क आहे. जाहीरनाम्यातील आश्वासन हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. त्याच निकालात जाहीरनाम्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास निवडणूक आयोगास सांगितले. अखेरीस पारखण्याचे काम मतदाराकडेच येते.

पैशाचा विचार आधी करून उभारलेल्या धोरणाचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला व त्यातून योजनेसाठी पैसा उभा करण्यात आला. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या कित्येक वाचकांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची कपात दिसते. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी भागातल्या मजुरासाठी वाटा उचलावा, हा त्या कराचा मूळ हेतू. कल्पना, पैसा व कायदा या तिन्हींची सांगड घातली म्हणजे प्राधान्यक्रम धोरण होतो, तो असा.

तिसरा प्रश्न: याची किंमत कोण मोजणार?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही, कारण तो आपल्यालाही अडचणीत टाकतो. पाण्याचेच पाहा. वसई-विरारची लोकवस्ती वाढत गेली आणि टँकरच्या रांगा लागल्या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४० कोटी ३० लाख लिटर आहे. त्यापैकी १८ कोटी ५० लाख लिटरचा वाटा वसई-विरारसाठी आहे आणि २०२३ च्या अखेरीस हे पाणी आपल्याकडे येऊ लागले. आपल्या घरांत आनंद झाला आणि तो योग्यच होता.

परंतु सूर्या प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी आखलेला होता. धरण आहे धामणीला, पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ आदिवासी भागात. तेथील शेतकऱ्यांनी व आदिवासी संघटनांनी आपले सिंचनाचे पाणी शहराकडे वळवण्यास विरोध केला होता. आपल्या मतदारसंघातील उमेदवार 'आणखी पाणी आणीन' म्हणतो, तेव्हा त्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचे रोप वाढणार होते काय, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते. गावाची जमीन शहराने घेऊ नये यासाठी आपण झगडलो. मग डोंगरावरच्या माणसाचे पाणी शहराकडे जाताना आपण गप्प राहिलो, तर आपल्या जुन्या लढ्याला काय अर्थ उरतो? उमेदवाराने याचे सोपे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. पावसाचे पाणी साठवणे, गळती रोखणे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे यांविषयी त्याच्याजवळ काही विचार आहे की नाही, एवढे तरी समजावे.

चौथा प्रश्न: पक्षाने वेगळे सांगितले तर?

उमेदवाराची वैयक्तिक मते कितीही चांगली असोत, १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या सदस्याचे पद जाऊ शकते. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर तोही अपात्र ठरतो. असे असूनही २०२२ मध्ये शिवसेनेत व २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडलेली आपण पाहिली. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेच्या याचिकांवर विधानसभाध्यक्षांचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला आणि कोणीही अपात्र ठरले नाही. २०१९ मध्ये ज्या चिन्हावर व ज्या युतीला मत दिले, त्यांचे पुढे काय झाले हे मतदार केवळ पाहत राहिला.

म्हणून व्यक्ती व पक्ष दोन्ही पारखावे लागतात. आपल्या गावाच्या प्रश्नावर पक्षाची भूमिका निराळी असेल तर उमेदवार पक्षाच्या बैठकीत बोलेल काय, हे त्याला सर्वांसमक्ष विचारावे. त्याच्याविषयीची माहिती मिळवणे आता कठीण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. फौजदारी प्रकरणे असलेल्या व्यक्तीस उमेदवारी का दिली याची कारणे पक्षाने जाहीर करावीत, असाही आदेश न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. शपथपत्र वाचण्यास फार तर अर्धा तास लागतो.

एका मताचे मोल

'आपल्या एका मताने काय होणार?' असे म्हणणारे बंधुभगिनी आपल्यात आहेत. २० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत वसई मतदारसंघात भारतीय जनता पक्षाच्या स्नेहा दुबे पंडित यांनी बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर यांचा ३,१५३ मतांनी पराभव केला. निकालाविषयी कोणाला काय वाटले हा ज्याचा त्याचा प्रश्न, परंतु एवढ्या मतांचे पारडे काही मोजक्या गावांत फिरू शकते. जेथे अंतर इतके थोडे असते, तेथे प्रश्न विचारणाऱ्या मतदाराला कोणताही उमेदवार टाळू शकत नाही.

आमची एक साधी सूचना आहे. पुढील निवडणुकीची वाट न पाहता गावातील चार-पाच जणांनी एकत्र बसावे. आपल्या आमदाराने दिलेली आश्वासने एका वहीत उतरवावीत. प्रत्येकापुढे हे काम कोणाचे, पैसा कोठून, किंमत कोणाची, पक्षाची भूमिका काय, असे चार रकाने आखावेत. अधिवेशन आले की त्यांतील एक प्रश्न सभागृहात मांडण्यासाठी आमदाराला लेखी पाठवावा आणि उत्तर काय मिळाले ते वहीत टिपावे. पाच वर्षांनी नवे पत्रक घरी येईल, तेव्हा ते एकटे वाचण्याची पाळी आपल्यावर येणार नाही. शेजारी ही वही असेल.